तुरुंगातील परदेशी कैदी आणि रेंगाळलेल्या प्रकरणांचे गणित

गोव्यातील पेडण्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी मला लेखी विचारले आहे की, कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहात परदेशी कैदी इतके का दिसतात, खटल्यांत वर्षे घालवण्याऐवजी त्यांना सरळ मायदेशी का पाठवले जात नाही, आणि इंग्लंडमध्ये स्थलांतराची अपिले पडून राहिल्यामुळे तिथले तुरुंग परदेशी लोकांनी भरले आहेत असे म्हणतात, त्यात तथ्य किती. त्यांचा भाचा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडनला राहतो आणि तिथल्या वास्तव्याच्या हक्काबाबतचे त्याचे अपील वर्षभराहून अधिक काळ प्रलंबित आहे. त्यामुळे प्रश्नाचा शेवटचा भाग त्यांच्या घरचाही आहे. मी बार्देशात फौजदारी वकिली करतो आणि परदेशी आरोपींची प्रकरणे माझ्याकडे दीर्घकाळ येत आली आहेत. त्या अनुभवाच्या आणि कायद्याच्या आधारे हे उत्तर देत आहे.

मुख्य गोष्ट आधी सांगतो. तुरुंगात एखाद्या दिवशी कोण किती आहेत, हा आकडा कोणी किती गुन्हे केले याचा हिशेब देत नाही. कोण किती काळ अडकून पडले, याचा तो हिशेब असतो. एक काल्पनिक उदाहरण घ्या. एका वर्षात शंभर स्थानिक माणसांना अटक झाली आणि प्रत्येकजण सरासरी एका महिन्यात जामिनावर सुटला, तर कोणत्याही एका दिवशी त्यांच्यापैकी आठ-नऊच जण आत सापडतील. त्याच वर्षी पाच परदेशी माणसांना अटक झाली, त्यांना जामीन मिळाला नाही आणि प्रत्येकाचा खटला तीन वर्षे चालला. दरवर्षी असेच होत राहिले, तर काही वर्षांनी कोणत्याही दिवशी त्यांच्यापैकी पंधरा जण आत असतील. अटकांमध्ये परदेशी शंभरात पाचही नाहीत, पण बराकीत ते निम्म्याहून अधिक दिसतात. बराक पाहून आलेला माणूस 'परदेशी लोकच गुन्हेगार' असे म्हणत बाहेर पडतो. त्याने पाहिलेले खोटे नसते, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा असतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा कारागृहविषयक अहवालही दरवर्षी ३१ डिसेंबर या एका दिवसाचीच मोजणी देतो. २०२२ अखेर देशातील तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ जणांवरचे खटले अजून संपलेले नव्हते. म्हणजे चारांतील तिघे कच्चे कैदी, ज्यांचा गुन्हा न्यायालयात सिद्ध झालेला नाही. परदेशी कैदी देशभरात सात हजारांच्या आसपास होते आणि त्यांतला मोठा वाटा पश्चिम बंगालचा होता, कारण तिथे सीमा ओलांडल्याचीच प्रकरणे पुष्कळ असतात. गोव्याचा प्रकार वेगळा आहे. इथे परदेशी माणूस विमानाने, व्हिसा घेऊन, कायदेशीरपणे आलेला असतो आणि तुरुंगात जातो तो बहुधा अमली पदार्थांच्या कायद्याखाली किंवा व्हिसाची मुदत उलटल्यामुळे.

अमली पदार्थांच्या या कायद्याचे गणित नीट समजून घेतल्याशिवाय कोलवाळचे चित्र समजत नाही. १९८५चा हा कायदा पदार्थाच्या वजनानुसार गुन्ह्याचे तीन थर करतो: अल्प प्रमाण, व्यापारी प्रमाण आणि या दोन्हींमधले. गांजाचे व्यापारी प्रमाण २० किलो आहे, चरसाचे १ किलो, कोकेनचे १०० ग्रॅम, एमडीएमएचे १० ग्रॅम, आणि एलएसडीचे केवळ ०.१ ग्रॅम. स्थानिक किंवा परराज्यातील तरुण पाव किलो गांजासह पकडला गेला, तर तो अल्प प्रमाणात मोडतो आणि लवकर बाहेर येतो. हणजूण, वागातोर किंवा मोरजीच्या किनारपट्ट्यात पकडल्या जाणाऱ्या परदेशी आरोपींच्या प्रकरणांत मात्र एमडीएमए, एलएसडी यांसारखे रासायनिक पदार्थ अधिक वेळा असतात आणि त्यांचे व्यापारी प्रमाण खिशात मावेल इतके लहान असते. त्यात २०२०च्या हिरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मिश्रणात मिसळलेला निरुपद्रवी पदार्थही वजनात धरायचा. त्यामुळे थोडासा अंमल असलेली भुकटीसुद्धा व्यापारी प्रमाणाची रेषा ओलांडू शकते. ती रेषा ओलांडली की किमान शिक्षा दहा वर्षे होते, आरोपपत्रासाठी तपास यंत्रणेला १८० दिवस मिळतात आणि कलम ३७ लागू होते. आरोपी दोषी नसावा असे मानायला वाजवी कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, असे न्यायालयाला वाटल्याशिवाय या कलमाखाली जामीन देता येत नाही. खटला सुरू होण्याआधीच आरोपीने जवळजवळ निर्दोषत्व पटवावे, अशी ही अपेक्षा आहे.

मग खटला लवकर संपावा, पण तसेही होत नाही. पंच म्हणून बोलावलेली माणसे बहुधा त्या मोसमात किनाऱ्यावर कामाला आलेली असतात आणि साक्षीच्या तारखेला ती राज्यात नसतात. तपास अधिकाऱ्याची बदली झालेली असते. आरोपी रशियन किंवा फ्रेंच बोलणारा असेल तर दुभाषा शोधण्यातच तारखा जातात. इंग्रजी कामचलाऊ येणाऱ्या आरोपीला 'समजते आहे ना?' असे विचारून पुढे जाण्याचा मोह सर्वांनाच होतो आणि वरिष्ठ न्यायालयात तोच मुद्दा उलटतो.

या दिरंगाईची दखल सर्वोच्च न्यायालयाने १९९४ सालीच घेतली होती. कच्च्या कैद्यांच्या वतीने विधी सहाय्य समितीने केलेल्या याचिकेवर न्यायालयाने आदेश दिला की, किमान दहा वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पाच वर्षे कोठडीत काढलेल्या आरोपीला जामीन द्यावा. परदेशी आरोपीसाठी मात्र एक जादा अट होती: पासपोर्ट जमा करायचा आणि आपल्या दूतावासाकडून 'हा माणूस देश सोडून जाणार नाही' असे हमीपत्र आणायचे. वाचायला ती सोपी वाटते. प्रत्यक्षात कोणताही दूतावास आपल्या नागरिकाबद्दल असे वचन द्यायला सहसा तयार होत नाही, कारण ते पाळून घेण्याची यंत्रणा त्याच्याकडे नसते. परिणामी जामिनाचा आदेश हातात असूनही माणूस आतच राहायचा. शेवटी जुलै २०२४ मध्ये फ्रँक व्हायटस या नायजेरियन आरोपीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, ही अट प्रत्येक प्रकरणात घालणे आवश्यक नाही आणि दूतावास वाजवी वेळेत पत्र देत नसेल तर न्यायालयाने पर्यायी अटी घालाव्यात. तीस वर्षे एका ओळीमुळे किती माणसे अडकली असतील, याचा विचार मला अस्वस्थ करतो. त्याआधी मार्च २०२३ मध्ये मोहम्मद मुस्लिम प्रकरणात न्यायालयाने हेही सांगितले होते की, खटला अवाजवी लांबला असेल तर कलम ३७ जामिनाच्या आड येऊ नये. हे निवाडे आता आम्ही रोज वापरतो, पण ते प्रत्येक अर्जात नव्याने मांडावे लागतात आणि प्रत्येक अर्जाला तारीख लागते.

जामीन मंजूर झाल्यावर स्थानिक हमीदार हवा असतो. शिवोलीतला घरमालक, ज्याने आधीच परदेशी भाडेकरूची नोंद कळवणारा फॉर्म-सी चोवीस तासांत न भरल्याबद्दल पोलिसांची बोलणी खाल्लेली असतात, तो आपल्या घराची कागदपत्रे घेऊन न्यायालयात उभा राहील अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. माझ्या एका पश्चिम आफ्रिकी अशिलाची गोष्ट इथे सांगणे योग्य ठरेल. त्याला जामीन मिळाला, मोठ्या खटपटीने हमीदारही मिळाला, आणि सुटकेच्या दिवशीच त्याला म्हापशाच्या स्थानबद्धता केंद्रात नेण्यात आले, कारण तो तुरुंगात असताना त्याच्या व्हिसाची मुदत संपली होती. बाहेर असता तर त्याने मुदतवाढीसाठी अर्ज केला असता किंवा तो परत गेला असता; आत असल्यामुळे दोन्ही करता आले नाही, आणि आत ठेवणाऱ्या शासनाच्याच नोंदीत तो बेकायदेशीर रहिवासी ठरला. हा अपवाद नाही. खटला व्हिसापेक्षा लांब चालला की असेच होते.

त्यातून दुसरा गुन्हा उभा राहू शकतो. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६चा परदेशी नागरिकांविषयीचा कायदा आणि त्याचे तीन भावंड-कायदे रद्द होऊन 'स्थलांतर आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५' लागू झाला आहे. मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, वैध कागदपत्रांविना प्रवेशास पाच वर्षांपर्यंत, आणि बनावट कागदपत्रांस दोन ते सात वर्षे, अशा शिक्षा त्यात आहेत. दुसरा खटला दाखल झाला की आणखी एक दार बंद होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ आत काढला तर त्याला सोडण्याची तरतूद आहे, पण त्याच कलमात म्हटले आहे की, एकापेक्षा अधिक गुन्हे किंवा प्रकरणे प्रलंबित असतील तर हा लाभ मिळणार नाही. पंधरा वर्षे राहिलेला अट्टल विक्रेता आणि व्हिसा संपलेला चुकार प्रवासी या दोघांनाही ही ओळ सारखीच लागते. माझ्या मते संसदेने हे उपकलम पुन्हा तपासले पाहिजे.

आता 'सरळ हाकलून का देत नाहीत' या प्रश्नाकडे येतो. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी एका नायजेरियन नागरिकाच्या खुनानंतर पर्वरीला महामार्ग अडवला गेला, तेव्हापासून गोव्यात ही मागणी वारंवार ऐकू येते. कायद्याची अडचण अशी की, ज्याच्यावर फौजदारी खटला चालू आहे त्याला देश सोडायची परवानगी नोंदणी अधिकारी देत नाही. १९४८च्या परदेशी नागरिकविषयक आदेशातच तशी तरतूद होती. म्हणजे एक हात 'निघून जा' म्हणतो आणि दुसरा हात 'खटला संपेपर्यंत जाऊ नकोस' म्हणतो. ही कोंडी फोडण्याचे दोन वैध मार्ग आहेत. सरकारी अभियोक्त्याने न्यायालयाच्या संमतीने खटला मागे घ्यावा किंवा आरोपीने वाटाघाटीतून गुन्हा कबूल करावा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत हा दुसरा मार्ग खुला आहे. केवळ मुदत उलटलेल्या, अन्य कोणताही गुन्हा नसलेल्या माणसाबाबत हे दोन्ही मार्ग आजच्यापेक्षा कितीतरी अधिक वापरले पाहिजेत. व्यापारी प्रमाणातल्या आरोपीला मात्र खटल्याशिवाय विमानात बसवणे मला मान्य नाही. तो दोषी असेल तर किनाऱ्यावरच्या आपल्याच मुलांचे नुकसान करून तो शिक्षेविना जातो, आणि निर्दोष असेल तर त्याच्या कपाळी कायमचा डाग राहतो.

खटला संपला तरी माणूस लगेच जात नाही. पासपोर्ट हरवलेला असतो किंवा मुद्दाम नष्ट केलेला असतो, आणि काहीजण आपला देशच वेगळा सांगतात. मग बोटांचे ठसे, छायाचित्र आणि पत्ता गृह मंत्रालयामार्फत परराष्ट्र मंत्रालयाकडे, तिथून दिल्लीतल्या दूतावासाकडे आणि तिथून त्या देशाच्या राजधानीत जातो. उत्तर यायला किती दिवस लागावेत याची कोणतीही सक्ती आपण त्या देशावर करू शकत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये आसामच्या मातिया स्थानबद्धता केंद्रातील ६३ जणांबाबत राज्य सरकारने सांगितले की, त्यांचे परदेशातील पत्ते ठाऊक नाहीत. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने कठोर शब्दांत विचारले की, देश ठाऊक असताना पत्त्यासाठी अनिश्चित काळ कसे थांबता येईल. माझा आक्षेप याहून साधा आहे. नागरिकत्वाची पडताळणी शिक्षा संपल्यावर सुरू करण्याचे काहीच कारण नाही. वकिलातींच्या संबंधांविषयीच्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ प्रमाणे अटकेनंतर आरोपीला आपल्या दूतावासाशी संपर्काचा हक्क सांगावा लागतोच. त्याच आठवड्यात, आरोपीची हरकत नसेल तर, पडताळणीचा कागदही सुटला, तर खटला आणि पडताळणी शेजारी-शेजारी चालतील. आश्रय मागणाऱ्याच्या बाबतीत मात्र ही घाई करू नये, कारण ज्या सरकारला भिऊन तो पळाला त्यालाच त्याचा ठावठिकाणा कळवल्यासारखे होईल.

अपिलांचा प्रश्न विचारला आहे, म्हणून एक फरक लक्षात ठेवावा. इंग्लंडमध्ये स्थलांतरविषयक अपिलांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. आपल्याकडे, आसाममधील परदेशी नागरिक न्यायाधिकरणे सोडली तर, तशी व्यवस्था नाही. देश सोडण्याची नोटीस आली तर पर्वरीच्या उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करणे हाच मुख्य उपाय आहे. त्या याचिकेलाही मर्यादा आहेत. १९५५च्या हान्स म्युलर प्रकरणापासून न्यायालये सांगत आली आहेत की, परदेशी माणसाला बाहेर काढण्याचा शासनाचा अधिकार फार विस्तृत आहे, आणि १९९१च्या लुई दे रेड्ट प्रकरणात असे ठरले की, अनुच्छेद २१ त्याच्या जिवाचे व स्वातंत्र्याचे रक्षण करते, पण इथे राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क देत नाही. म्हणून 'परदेशी लोक अपिले करून करून इथे राहतात' हे गोव्याच्या संदर्भात खरे नाही. इथला विलंब अपिलाचा नाही; तो पहिल्याच न्यायालयातल्या खटल्याचा आणि त्यानंतरच्या कागदांचा आहे.

शिक्षा झालेल्यांच्या बाबतीत मात्र अपील आडवे येते, आणि तेही कैद्याच्याच विरुद्ध. २००३च्या कैदी हस्तांतर कायद्याखाली, ज्या देशाशी आपला करार आहे त्या देशाचा कैदी उरलेली शिक्षा मायदेशी भोगू शकतो. पण त्याच्याविरुद्धचा निकाल अंतिम झालेला असावा लागतो आणि दुसरी कोणतीही कारवाई प्रलंबित असता कामा नये. आपण निर्दोष आहोत असे मानणाऱ्या माणसाला निवड करावी लागते: अपील चालवायचे की आईवडिलांच्या जवळच्या तुरुंगात जायचे. शिवाय अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ३२-अ मुळे इतर कैद्यांना मिळणारी शिक्षेतील सूट या कैद्यांना मिळत नाही. याच कलमाने काढून घेतलेला शिक्षा स्थगित करण्याचा न्यायालयाचा अधिकार २०००च्या दादू प्रकरणात परत मिळाला, पण सूट नाकारणारा भाग टिकला. दहा वर्षांच्या शिक्षेबरोबर किमान एक लाखाचा दंड असतो, तो भरायला कोणी नसेल तर आणखी कैद. कोलवाळला २०१५ साली आग्वाद आणि सड्याच्या जुन्या तुरुंगांतून कैदी हलवले गेले तेव्हापासून तिथे मला जी दीर्घकाळची परदेशी माणसे भेटली, त्यांच्या मुक्कामात या तिन्ही गोष्टींचा वाटा होता. त्यांच्यापैकी कित्येकांना हे ठाऊकही नव्हते की, कोठडीतल्या कोणत्याही व्यक्तीला, मग ती कोणत्याही देशाची असो, १९८७च्या कायद्याने मोफत वकील मिळतो.

इंग्लंडबद्दल बोलायचे तर, इंग्लंड आणि वेल्सच्या तुरुंगांत साधारण आठांतील एक कैदी परदेशी नागरिक आहे. ऐकायला हे मोठे वाटते. पण २०२१च्या जनगणनेत केवळ परदेशी पासपोर्ट असलेले लोक ९.९ टक्के होते, आणि स्थलांतरितांमध्ये तरुणांचे प्रमाण जास्त असते, जो गट कोणत्याही देशात तुरुंगात अधिक दिसतो. 'भरले आहेत' हे वर्णन त्यामुळे टिकत नाही. तिथेही शिक्षा संपल्यावर, हद्दपारीची वाट पाहत, काहीजण तुरुंगातच ठेवले जातात, आणि या स्थानबद्धतेला कायद्याने ठरलेली कमाल मुदत नाही. मुदत नसली तरी ती वाजवीच असली पाहिजे, हे तत्त्व १९८३ साली हरदयाल सिंग या भारतीय नागरिकाच्या प्रकरणात तिथल्या न्यायालयाने घालून दिले आणि आजही प्रत्येक अशा प्रकरणात त्याचे नाव घेतले जाते. तिथले सरकार यावर 'आधी हद्दपारी, मग अपील' हा उपाय काढत आले आहे. २०१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात दोष काढला, कारण परदेशातून दूरचित्र-साक्ष देण्याची खरीखुरी सोय नव्हती. सोय केल्याचे सांगून ती योजना पुन्हा सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिच्या यादीत भारतही आला. म्हणजे तिथे शिक्षा झालेल्या भारतीय पासपोर्टधारकाला आता आपले अपील इथे बसून चालवावे लागू शकते. सुनावणी लवकर घेणे हा विलंबावरचा खरा उपाय आहे. सुनावणीच्या वेळी माणूसच हजर नसेल अशी व्यवस्था केल्याने आकडा कमी होतो, न्याय होत नाही.

शिक्षकांच्या भाच्याला यातले काही लागू नाही, कारण त्याच्यावर गुन्हा नाही आणि नुसते अपील प्रलंबित असणे म्हणजे कोठडी नव्हे. युरोपीय नागरिकांसाठीच्या ब्रेक्झिटनंतरच्या वास्तव्य योजनेत त्याने अर्ज मुदतीत, म्हणजे ३० जून २०२१ पर्यंत, केला असेल, तर अंतिम निकाल लागेपर्यंत त्याचे राहण्याचे व काम करण्याचे हक्क ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यातील माघार-कराराने सुरक्षित आहेत. अर्जाच्या पोचपावतीचे प्रमाणपत्र त्याने जपून ठेवावे आणि मालकाने मागितल्यास तेच दाखवावे. पुढे एखादा नवा नकार आला तर तिथे असलेल्याला अपिलासाठी साधारण चौदाच दिवस मिळतात, तेव्हा पत्ता बदलला की न्यायाधिकरणाला त्याच दिवशी कळवावे. काही प्रकारच्या अपिलांत देश सोडला की अपील सोडून दिले असे मानले जाते. त्याचे अपील त्या प्रकारातले आहे की नाही हे तिथल्या वकिलाकडून लेखी घेतल्यानंतरच त्याने चतुर्थीला गावी येण्याचे तिकीट काढावे.